अंगठ्याची ताकद उतरली, की आमचं मोजणं बदललं? एका पेशंटची पूर्ण केस

पेशंट ४४ वर्षांचे, सातारा जिल्ह्यातले, स्वतःचा टेम्पो आहे, आठवड्यातून चार दिवस पहाटे भाजी घेऊन मार्केट यार्डाला जातात. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत, बाकी सगळं जसं घडलं तसं लिहितेय.

कंबर तीन आठवडे दुखत होती, मग कळ उजव्या मांडीच्या बाहेरून पोटरीवरून थेट पावलाच्या वरच्या बाजूला उतरायला लागली, पण माझ्याकडे ते आले ते चपलेमुळे. कोल्हापुरी घालतात, आणि उजवी चप्पल चालताना निसटायला लागली होती, दोनदा तर ती मागेच राहिली आणि चार पावलं पुढे गेल्यावर वहिनींनी हाक मारली तेव्हा त्यांना कळलं. फिजिओ लोकांना हे वाक्य ऐकलं की लगेच कान टवकारावे लागतात. चप्पल पायात धरून ठेवायचं मोठं काम अंगठा करतो, आणि ती गेलेली कळत नाही म्हणजे तिथली संवेदनाही कमी आहे.

तपासलं. उजवा पाय सरळ उचलताना साधारण ४० अंशाला कळ येत होती. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधल्या खाचेत स्पर्श बोथट. टाचांवर चालायला सांगितलं तर उजवं पाऊल थोडं खाली येत होतं. आणि अंगठा वर उचलणारा स्नायू, ज्याला आम्ही सगळे ईएचएल म्हणतो, तो कमजोर. लघवी-शौचाचा त्रास नाही, बैठकीच्या भागात बधिरपणा नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला नस दबल्यानेही अंगठा असाच पडतो, विशेषतः तासन्‌तास मांडी घालून किंवा उकिडवं बसणाऱ्यांचा, म्हणून पाऊल आत वळवायची ताकद आणि मांडी बाजूला उचलायची ताकद पण पाहिली. ती दोन्हीही थोडी कमी होती. हे स्नायू त्या गुडघ्याजवळच्या नसेवर चालत नाहीत, त्यामुळे बोट कमरेकडेच होतं, एल-५ च्या मुळाकडे, म्हणजे कमरेतल्या पाचव्या मणक्याजवळून निघणाऱ्या नसेच्या मुळाकडे. नंतर एमआरआयमधे तेच आलं, एल-४ एल-५ मधली चकती उजवीकडे बाहेर आलेली.

मी पेपरवर लिहिलं, ईएचएल उजवा ४, डावा ५. ५ पैकी. हा सोमवार.

शुक्रवारी मी नव्हते. माझ्या सहकारी फिजिओने तपासलं आणि लिहिलं, उजवा ३. हाच पेपर घेऊन ते सर्जनकडे गेले, आणि सरांनी जे कोणीही जबाबदार सर्जन करेल तेच केलं, चार दिवसांत ४ चा ३ झालाय, ताकद उतरत चाललीय, म्हणजे नस मरायला लागलीय असं धरून ऑपरेशनची तयारी करायला सांगितली. संध्याकाळी पेशंटचा फोन आला, आवाज कापत होता. "मॅडम, तुम्ही म्हणाला होता बरं होईल, आता म्हणतायत लगेच कापायचं. टेम्पोचा हप्ता चालू आहे माझा."

शनिवारी त्यांना बोलावलं, मी परत हाताने तपासलं आणि मला परत ४ च वाटलं. सरांना फोन केला तर ते म्हणाले, "मग मी कुठला आकडा धरू?"

प्रश्न अगदी बरोबर होता आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. पुढचं सगळं त्या प्रश्नातून झालं.

आधी ही ० ते ५ ची पट्टी काय आहे ते बघू. ती ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची, दुसऱ्या महायुद्धात नसांच्या जखमा झालेल्या सैनिकांना तपासण्यासाठी १९४३ च्या पुस्तिकेतून पसरली. ० म्हणजे काहीच हालचाल नाही, १ म्हणजे स्नायू नुसता लुकलुकतो, २ म्हणजे गुरुत्वाकर्षण बाजूला ठेवलं तर हलतो, ३ म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पूर्ण उचलतो, ४ म्हणजे विरोध केला तरी टिकतो पण कमी, ५ म्हणजे नॉर्मल. मांडीला, दंडाला हे ठीक आहे कारण पायाला, हाताला वजन आहे. पण अंगठ्याला वजन ते किती? तो गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलणं ही काही परीक्षाच नाही, त्यामुळे अंगठ्यात ३ आणि ४ मधली रेघ तपासणाऱ्याच्या बोटात असते. आणि ४ हा डबा इतका मोठा आहे की अर्धी ताकद गेलेला पण त्यात बसतो आणि थोडीशी गेलेला पण. तरीही रोज हजारो पेपरांवर हा आकडा लिहिला जातो आणि त्यावर ऑपरेशनं ठरतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मी सहकारीला म्हटलं, शुक्रवारी जसं केलंस तसंच माझ्यासमोर कर. तिने केलं, मग मी माझं केलं, आणि दोघींच्या पद्धतीत तीन मोठे फरक निघाले.

पहिला घोट्याचा. ती म्हणते, "पाऊल वर ओढा, अंगठा पण वर, आता धरा." बहुतेक जणी असंच शिकलोय. मी मात्र पाऊल सैल सोडून फक्त अंगठा वर करायला लावते. आता ईएचएल नडगीच्या बाहेरच्या हाडापासून निघतो, घोट्यावरून जातो आणि अंगठ्याच्या शेवटच्या हाडाला लागतो. घोटा आधीच पूर्ण वर ओढला की हा स्नायू आखडून छोटा झालेला असतो, त्यात जोर लावायला जागा उरत नाही, आणि त्याच वेळी खालचा अंगठा वाकवणारा लांब स्नायू ताणला जाऊन अंगठ्याला खाली धरतो. म्हणजे दोन्ही बाजूंनी मार.

दुसरा, बोट कुठे ठेवलं. ती नखावर दाबते, मी अंगठ्याच्या मुळाजवळच्या हाडावर. हा सरळ पान्याचा हिशोब आहे, दांडी लांब धरली की बोल्ट सहज फिरतो. अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यापासून ५ सेंटीमीटरवर ४ किलोचा जोर लागत असेल तर तोच अंगठा २.५ सेंटीमीटरवर ८ किलोला टिकेल, ताकद तीच, आकडा दुप्पट. शिवाय मुळाजवळ दाबलं की पावलावरचा छोटा स्नायू पण मदतीला येतो, तो त्या पहिल्या हाडालाच लागतो, मग मी नुसता ईएचएल मोजतच नव्हते. इथे चूक माझी होती, तिची नाही. शेवटच्या हाडावर दाबायला हवं, ती बरोबर जागी दाबत होती.

तिसरा, दुखणं. सोमवारी ते आरामात आले होते, कळ १० पैकी ४. शुक्रवारी टेम्पो चालवून थेट आले, कळ ७, आणि तिने त्यांना पाय लांब करून बसवून तपासलं, म्हणजे मागची नस ताणलेली. दुखत असताना माणूस पूर्ण जोर लावतच नाही, शरीर लावू देत नाही.

मग ठरवलं की हाताचा अंदाज बंद, आकडा घ्यायचा. हातात धरायचे डायनामोमीटर, म्हणजे जोर मोजायची यंत्रं, असतात, चांगले असतात, पण आमच्याकडे नाही आणि तालुक्याच्या क्लिनिकला ती किंमत जड आहे. खरं सांगायचं तर अंगठ्यासाठी ते हातात धरूनही प्रश्न सुटत नाही, त्याची गादी अंगठ्याच्या मानाने मोठी, ती घसरते, आणि धरणाऱ्याचा हात हलला की आकडा हलतो. कोणाचा हात किती घट्ट, हा प्रश्न परत येतोच. म्हणून यंत्र हातात न धरता बांधून ठेवायचं.

सुताराकडून एक लाकडी फूटबोर्ड करून घेतला, टाचेला खाच, घोटा बरोबर ९० अंशात राहील असा. पावलाच्या मधोमध रुंद पट्टा, म्हणजे पूर्ण पाऊल उचलून फसवता येत नाही. बॅगा तोलायचा डिजिटल लटकता वजनकाटा येतो ना, तो बोर्डाच्या मागे पक्का बांधला आणि त्याच्या हुकाला कॅनव्हासची न ताणणारी पट्टी, ती बोर्डाच्या भोकातून पुढे येऊन अंगठ्याला वळसा घालते. अंगठा ओढला की पट्टी ताणते पण अंगठा जागचा हलत नाही, काट्यावर किलो दिसतात. पट्टी अंगठ्याला काटकोनातच हवी, ३० अंश तिरकी झाली तर अंगठ्याचा जोर तोच असूनही काट्यावरचा आकडा जवळजवळ १५ टक्के खोटा जास्त येतो, म्हणून बोर्डाला तीन भोकं पाडली आणि कुठल्या पायाला कुठलं ते लिहून ठेवलं. काटा खरा आहे का हे बघायला शेजारच्या किराणा दुकानातून वैधमापनचा शिक्का असलेली १, २ आणि ५ किलोची वजनं आणून लटकवली. दर सोमवारी हे करतो, पाच मिनिटांचं काम आहे, पण हे न करता घेतलेला आकडा मी कोणाला पाठवणार नाही.

बाकीचं असं ठरवलं. पेशंट उताणा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी म्हणजे नस ताणत नाही. नखाच्या मुळाच्या लगेच मागे पेनाने खूण, पट्टीचा मध्य तिथेच, आणि मुळाच्या सांध्यापासून ती खूण किती सेंटीमीटर ते लिहायचं. आधी चांगला पाय, मग दुखरा. एकदा सराव, मग तीन वेळा, प्रत्येक वेळी हळूहळू जोर वाढवून तीन सेकंद धरायचं, मधे मिनिटभर विश्रांती. झटका मारला तर ती वेळ रद्द. वाक्य ठरलेलं, "अंगठा नाकाकडे ओढा, ओढा, ओढा, सोडा", जास्त उत्साह देऊन ओरडायचं नाही कारण ओरडण्याने पण आकडा वाढतो. कळ किती आहे ते आधी विचारायचं, ६ च्या वर असेल तर ती नोंद आकड्याशेजारीच लिहायची. आणि दोघींनी मोजायचं असेल तर दुसरीने पहिलीचा कागद बघायचा नाही.

त्याच शनिवारी दुपारी बोर्ड तयार झाला आणि संध्याकाळी ते परत आले. माझे आकडे, डावा ४.१, ४.३, ४.२, सरासरी ४.२ किलो. उजवा २.४, २.६, २.५, सरासरी २.५. अर्ध्या तासाने सहकारीने मोजलं, डावा ४.०, ४.३, ४.२ आणि उजवा २.३, २.६, २.४. म्हणजे सरासरी ४.२ आणि २.४. त्या आठवड्यात पहिल्यांदाच आम्ही दोघी एकाच पायाबद्दल एकच गोष्ट सांगत होतो. उजवा अंगठा डाव्याच्या साधारण ६० टक्के, हे आता शब्दात नाही, किलोत होतं.

मग एक गोष्ट मुद्दाम केली. पावलाच्या पुढच्या भागाखाली पाचर घालून घोटा पूर्ण वर ओढलेल्या अवस्थेत परत मोजलं. उजवा १.८ आला. आणि डावा, ज्याला काहीही झालेलं नाही, तो ४.२ वरून ३.२ वर आला! हे पाहिल्यावर सहकारीचा चेहरा खुलला, आठवडाभर ती स्वतःला दोष देत होती. निरोगी अंगठा नुसत्या घोट्याच्या बदलाने एवढा उतरतो तर शुक्रवारच्या ३ वरून नस मरतेय असं म्हणता येत नाही. अर्थात ती मरत नाहीये असंही त्यावरून म्हणता येत नव्हतं, त्यासाठी पुढचे दिवस बघावे लागणार होते.

सरांना हे सगळं फोटोसकट पाठवलं आणि संध्याकाळी प्रत्यक्ष जाऊन बोलले. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग त्यांनी विचारलं ते फार महत्त्वाचं, "किती उतरला तर मी खरंच उतरला म्हणू?"

हाच तो मुद्दा जिथे बहुतेक लोक विश्वासार्हता म्हणजे आयसीसी असं म्हणून थांबतात. आयसीसी (इंट्राक्लास कोरिलेशन कोइफिशियंट) हा ० ते १ मधला आकडा, ०.७५ च्या वर चांगला आणि ०.९ च्या वर उत्तम समजतात, पण तो सांगतो की हे मोजणं माणसा-माणसांतला फरक ओळखतं का. समोरच्या एका पेशंटचा आकडा मंगळवारी ०.२ ने कमी आला तर घाबरायचं का, हे तो सांगत नाही. त्यासाठी मोजण्याची स्वतःची डगमग किती ते किलोतच माहीत हवं, आणि त्याला २.७७ ने गुणलं की जो आकडा येतो त्याहून मोठा बदल असेल तरच तो बदल समजायचा. १.९६ गुणिले दोनचं वर्गमूळ, तिथून ते २.७७ येतं, कारण डगमग आधीच्या मोजण्यातही असते आणि आताच्याही.

पण आमची डगमग कुठून आणायची? उत्तर पेशंटच्याच डाव्या पायात होतं. तो निरोगी आहे, त्याची ताकद आठवड्याभरात बदलायचं काही कारण नाही, म्हणजे त्याचा आकडा जेवढा हलतो ती आमची मोजणीची डगमग. पुढच्या भेटी धरून डाव्याचे चार आकडे झाले, ४.२, ४.०, ४.३, ४.१. त्यांचं प्रमाण विचलन ०.१३ किलोच्या आसपास, गुणिले २.७७ म्हणजे ०.३६. चारच आकडे आहेत, फार थोडे आहेत हे मला माहितीये, आणि दुखरा पाय निरोगी पायापेक्षा जास्त हलणारच, म्हणून मी जरा सैल धरून अर्धा किलो ही सीमा सुचवली. पहिल्या दिवशी हे चार आकडे हातात नव्हते, तेव्हा नुसत्या अंदाजाने अर्धा किलोच म्हटलं होतं, नंतरच्या हिशोबाने तो अंदाज टिकला.

सरांशी ठरलं ते असं. पहिला आठवडा एक दिवसाआड मोजायचं. उजवा २.० किंवा खाली आला तर त्याच दिवशी विश्रांती देऊन परत मोजायचं, दुसऱ्यांदा पण तसाच आला तर ऑपरेशन, वाद नाही. लघवीचा किंवा बैठकीच्या बधिरपणाचा काहीही त्रास झाला तर आकड्याची वाटच बघायची नाही, रात्र असली तरी हॉस्पिटल. आणि नुसता अंगठा नाही, टाचांवरची चाल आणि घोटा वर ओढायची ताकद पण दर वेळी बघायची. हे मी जोर देऊन लिहितेय कारण काट्यावर आकडा दिसायला लागला की माणूस त्यातच अडकतो, आणि फक्त आकडा चांगला आहे म्हणून धोक्याचं लक्षण नजरेआड झालं तर आमच्या सगळ्या बोर्डाचा उपयोग शून्य.

पेशंटला आणि वहिनींना हे सगळं कागदावर काढून दाखवलं. वहिनींनी एकच विचारलं, "म्हणजे दोनच्या खाली गेलं तर कापायचं, नाहीतर नाही, असंच ना?" इतकं सरळ कोणी आम्हाला पण सांगितलं नव्हतं.

सोमवारी उजवा २.४. फोनवर पेशंट घाबरले, ०.१ उतरला म्हणून. त्यांना डाव्याचा आकडा दाखवला, तो पण ०.२ उतरला होता. आठवड्याने २.७. माझ्या मनाला वाटत होतं की वाढला म्हणावं, पण नियम दोन्हीकडे सारखा, अर्धा किलो नाही म्हणजे वाढ नाही, पेपरवर "बदल नाही" असंच लिहिलं. तीन आठवड्यांनी ३.२. आता ०.७ चा फरक, आता म्हटलं की वाढला. टाचांवरची चालही सुधारली होती, कळ २ वर. सहा आठवड्यांनी ३.७. औषधं, थोडी विश्रांती, हळूहळू चालणं, कमरेचे आणि पायाचे व्यायाम, एवढंच केलं. बाहेर आलेली चकती बऱ्याच जणांत काळाबरोबर आपोआप आक्रसते, त्यांच्यात तेच झालं असावं. मोजण्याने ते बरे झाले नाहीत, मोजण्याने फक्त थांबायला धीर मिळाला.

एक आडवाटेची गोष्ट सांगते कारण ती इथे उपयोगी पडली. अंगठा खाली दाबायची ताकद, जी पाऊल ढकलायला लागते, ती बघायला एक फार साधी चाचणी आहे, अंगठ्याखाली कागद किंवा व्हिजिटिंग कार्ड ठेवायचं आणि दाबून धरायला सांगून ओढायचं. कुष्ठरोगात पावलातले छोटे स्नायू लुळे पडतात, ते कुठल्याही यंत्राशिवाय ओळखायला ती वापरली गेली, आणि आनंदवन ज्या राज्यात आहे तिथल्या फिजिओंना तर ती यायलाच हवी. मधुमेहाच्या पावलांमधे आणि म्हाताऱ्या माणसांचा पडण्याचा धोका जोखायलाही ती चालते. अडचण एवढीच की उत्तर हो किंवा नाही एवढंच मिळतं. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर युनिव्हर्सिटीच्या टीमने तो कागद डायनामोमीटरला जोडून तो निसटायला किती जोर लागतो ते मोजलं, म्हणजे हो-नाहीचा आकडा झाला. आम्ही आमच्या काट्याला मजबूत क्लिप लावून तसंच करतो. यात लक्ष ठेवायचं ते दोन ठिकाणी. बोटं वाकवून कार्ड चिमटीत धरत नाहीत ना, आणि कार्ड व फरशी दर वेळी तीच आहे ना, कारण गुळगुळीत फरशीवर आणि घामट पायाखाली घर्षण बदलतं आणि तुम्ही ताकद मोजतोय असं समजून फरशी मोजत बसता. या पेशंटचा खाली दाबायचा जोर दोन्ही पायांचा जवळपास सारखा होता, म्हणजे एस-१ चं मूळ, एल-५ च्या लगेच खालच्या नसेचं, ठीक होतं, आणि त्यामुळे एमआरआयशी सगळं जुळलं.

आता बोर्डाच्या उणिवा. भेगाळलेल्या किंवा नख आत गेलेल्या अंगठ्याला पट्टी दुखते, तिथे दुखण्याचा आकडा मिळतो, ताकदीचा नाही. अंगठा शेजारच्या बोटाकडे कललेला असेल, ज्याला बनियन म्हणतात, तर स्नायूची ओढ तिरकी होते, अशा पायाची तुलना दुसऱ्या पायाशी न करता त्याच पायाच्या आधीच्या आकड्याशीच करावी. ज्यांची ताकद ० ते ५ च्या पट्टीवर ३ च्या खाली आहे, अंगठा नुसता लुकलुकतो, त्यांच्यात काटा काहीच दाखवत नाही, तिथे ती ० ते ५ ची जुनी पट्टी आणि डोळेच. आणि दोन्ही बाजू कमजोर असतील तर चांगला पाय मोजपट्टी म्हणून वापरायची माझी युक्ती चालत नाही, मग त्याच दिवशी दोनदा मोजून डगमग काढावी लागते.

आणि तरीही, ज्यांच्याकडे बोर्ड नाही त्यांनी निदान ४ लिहिताना शेजारी एवढं लिहा, घोटा कसा होता, बोट कुठे ठेवलं, कळ किती होती, किती वाजता, कोणी तपासलं. त्या शुक्रवारच्या पेपरवर "घोटा पूर्ण वर, कळ ७" एवढे चार शब्द असते तर सरांनी फोन करून विचारलं असतं आणि एका माणसाची रात्र हप्त्याच्या काळजीत गेली नसती. आमच्या दोघींच्या पेपरांवर आता हे छापलेलेच रकाने आहेत.

बारा आठवड्यांनी ते शेवटचे आले तेव्हा उजवा ३.९, डावा ४.२. मधल्या खाचेतला बधिरपणा थोडा अजून आहे, तो सगळा जाईल असं मी त्यांना सांगितलेलं नाही. टेम्पो चालू केलाय, आधी अर्धा दिवस, मधे उतरून चालायचं या अटीवर. आत येताना चपला दाराशी काढल्या, जाताना उजवी न बघता पायात गेली.